बादलीतला एक चिमटा

ता. ४ मार्च

आधी भांडण, मग आशीर्वाद. तुझा जाड लिफाफा आला तेव्हा मला वाटलं फोटो असतील. फोडते तर छापील कागदांचा गठ्ठा. वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, की आजी, दहशत, युद्ध आणि लोकशाही यावर आमच्या वर्गात वाद चाललाय, सामान्य माणसाला काय वाटतं ते कळव. सामान्य कोण गं? बस स्टँडवर बॉम्ब फुटला, त्यात तुझ्या बापाचा पाय गेला, त्याची आई सामान्य? जेवतेस का, झोपतेस का, खोकला गेला का, याचा त्या चिठ्ठीत एक शब्द नाही. तरी मी कागद वाचले. बोट ठेवून ठेवून वाचले. पहिल्या पानावर झोप आली, दुसऱ्यावर राग आला, तिसऱ्यावर वाटलं कार्टी हुशार आहे. चौथं पान घडी करून खिडकीच्या फटीत घातलंय. आता ती वाजत नाही.

आता रीतसर. चि. बडबडीस आजीचे अ. उ. आ.

तुझा बाप बरा आहे. आमच्या हॉस्पिटलातून त्याला लांबच्या दुसऱ्या हॉस्पिटलात नेलंय, तिथे खोटा पाय बसवून चालायला शिकवतात. दर रविवारी मी बसने जाते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण आता बसचं नाव काढलं की भिंतीकडे बघतो. म्हणून मी मुद्दाम सांगते, की आजच्या ड्रायव्हरने वळणावर कसा ब्रेक मारला. मग तो त्या ड्रायव्हरला शिव्या घालतो आणि तोंडावर जरा रंग येतो.

आता तुला हवं ते ऐक. ज्याने बॉम्ब ठेवला तो मेलेला नाही. स्वतःच्याच बॉम्बने भाजला आणि आमच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर पडलाय. दाराशी पोलीस. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, फक्त त्याच्या चादरी पाहिल्यात. तू लहानपणी आमच्या लॉन्ड्रीत येऊन मळक्या उशांच्या ढिगावर झोपायचीस, आठवतं का? तेच तळघर, तीच वाफ, तीच दोन मशीनं. मीच तिथली म्हातारी मुख्य. तुझ्या बापाच्या चादरी मी धुतल्या आणि त्याच पाण्यात याच्याही आल्या. मलमाचे डाग दोघांचे सारखेच जातात, म्हणजे जात नाहीत.

आमच्या इस्त्रीवालीचा सख्खा भाऊ त्या स्टँडवर गेला. तिने परवा इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाली, त्याचं कापड या तळघरात येता कामा नये. कुणी म्हणालं काम आहे, कुणी म्हणालं कामाला आग लागो. मग ती म्हणाली, बादल्या मांडा.

बादल्या म्हणजे आमची निवडणूक. सुट्टी कुणाला, पंखा कुणाकडे, सगळं असंच ठरतं. ड्रायरच्या मागे दोन बादल्या, डावी 'हो'ची, उजवी 'नाही'ची. तळाशी टॉवेल, म्हणजे आवाज होत नाही. प्रत्येकीने कपड्याचा एक चिमटा घ्यायचा, एकटीने मागे जायचं, टाकायचा, यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि हरलेल्याला एकदा पुन्हा बादल्या मागायचा हक्क. ही रीत माझ्या आधीपासून आहे आणि मी ती मोडू दिलेली नाही.

त्याच्या चादरी धुवायच्या का, हा सवाल. उजवी बादली चिमट्यांनी भरली. डावीत टॉवेलवर एकच चिमटा पडला होता.

एकच गं. मशीन घरघरतंय, वाफ चालू, आणि आम्ही सगळ्या त्या एका लाकडी चिमट्याकडे बघतोय. मग एकेकीचं डोकं माझ्याकडे वळलं.

बाकी तुझं तू समज. हे वर्गात वाचून दाखवायला माझी हरकत नाही, पण सामान्य म्हणालीस तर याद राख.

लोभ आहे. वाढला तर तुझ्याकडे ठेवायला जागा कर.

तुझी आजी

*

ता. ११ मार्च

ती. आजीस, शि. सा. न.

खोकला गेला. जेवते. झोपते, पण तुझं पत्र आल्यापासून नीट नाही.

आजी, मी ते वर्गात वाचलं. तुझं नाव, गाव काही न सांगता. आमच्याकडे प्रत्येकाला आधी बोलायचं असतं. मग एक मुलगा म्हणाला, ज्याने सगळ्यांचेच नियम धुडकावले त्याला नियमांचा आसरा मागायचा हक्क उरत नाही. दुसरी म्हणाली, नियम त्याच्यासाठी नसतातच, आपण कोण आहोत हे आपल्याला कळावं म्हणून असतात. आमचे सर नेहमी शेवटचं वाक्य आपलं ठेवतात, ते काल म्हणाले, मला या तळघरात एकदा उभं राहायचंय.

मला विचारशील तर तुमच्या बादल्यांचीच गंमत वाटते. बहुमत म्हणजे लोकशाही, असं आपण शिकतो. पण आजाऱ्याच्या अंगाखाली स्वच्छ चादर असावी का, हा प्रश्न बादलीत टाकायचाच कशाला? काही गोष्टी मोजायच्या नसतात. एकदा त्या मोजायला घेतल्या की मोजणारे कितीही भले असले तरी उद्या कुणाचीही पाळी येते.

आणि तो एक चिमटा! बाबांची आई, जिच्या मुलाचा पाय गेला, तीच एकटी 'हो' म्हणते. मला रडू आलं. तुला रडणं आवडत नाही म्हणून नंतर तोंड धुतलं. मी बाबांनाही सगळं लिहून कळवलंय, की बघा, तुमची आई काय बाई आहे. त्यांनाही तुझा अभिमान वाटेल.

असाच जीव लावत राहा, मी त्याच्या लायकीची व्हायचा प्रयत्न करते.

तुझी बडबडी

*

ता. १५ मार्च

ती. आईस, सा. न.

लेकीचं पत्र आलं. ती आनंदात आहे. मी नाही.

मी शुद्धीवर आलो तेव्हा तू माझ्या उशाशी होतीस. म्हणालीस, त्याला मी माझ्या हाताने पिळून वाळत घालीन. मी त्या एका वाक्यावर इतके दिवस काढले. इथे रोज सकाळी दोन दांड्यांच्या मध्ये उभं करतात आणि चल म्हणतात. खोटा पाय टाकताना मनात तेच वाक्य म्हणतो.

आता कळतंय की सगळं तळघर माझ्या बाजूने उभं होतं आणि माझी आई तेवढी त्याच्या. इस्त्रीवालीने भाऊ गमावला, तिला कळलं. तुला कळलं नाही.

लेक लिहिते की हे फार मोठं आहे. असेल. मी बस चालवणारा माणूस, मला एवढं मोठं दिसत नाही. रविवारी येऊ नकोस. दारावरच्या नर्सला सांगून ठेवलंय.

तब्येत सांभाळ.

तुझा मुलगा

*

ता. १८ मार्च

चि. बडबडीस अ. उ. आ. आशीर्वाद द्यायचा हात आज कान पिळायला शिवशिवतोय, तरी देते.

तुला बापाला लिहायला कुणी सांगितलं होतं? मी म्हणाले, तुझं तू समज. तू गावाला समजावायला निघालीस. त्याने मला येऊ नको म्हणून कळवलंय. पत्र सोबत ठेवलंय, वाच आणि जप.

आता नीट बस. तो चिमटा माझा नव्हता.

माझा उजव्या बादलीत होता. 'नाही'च्या. त्याला पिळून वाळत घालीन असं मी तुझ्या बापाला म्हणाले होते आणि शब्दाला जागले.

मग झालं असं. तो एक चिमटा बघून इस्त्रीवालीचं डोकं फिरलं. म्हणाली, ही कोण ते कळलंच पाहिजे. आपल्यात राहून आपल्या मेलेल्यांना विकणारी कोण? रीत मोडतेय हे तिलाही कळत होतं, पण भाऊ जाऊन दोनच महिने झालेले, तिला कोण अडवणार? तिने स्वतःपासून सुरुवात केली. पोरांची शपथ, माझा नाही. तिच्या शेजारची म्हणाली, माझा नाही. असं एकेक करत माझ्यापर्यंत आलं. माझ्यानंतर दोघी-तिघीच उरल्या होत्या. त्यांतली एक टॉवेल पिळत होती. पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत होती. कोण ते तुला सांगणार नाही. खरं तर मलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचं नाही.

मी म्हणाले, मी शपथ घेणार नाही. बादलीला शपथ लागत नाही. ज्यांनी घेतल्या त्यांनी आपापल्या पोरांची माफी मागावी.

झालं. सगळ्यांना उत्तर मिळालं. पुढच्या दोघी-तिघींना कुणी विचारलंच नाही. आता डबा खायला बसले की माझ्या बाकावर कुणी बसत नाही. बाक मोठा झालाय, पाय पसरून बसते. माझं वय झालंय, जीभ तिखट आहे, मला काय करणार? पण ती जी कोण आहे, तिला त्यांनी आठवड्याभरात कामावरून पळवलं असतं.

म्हणून मी तुझ्या बापालाही सांगू शकत नाही. तो भला आहे, पण त्याच्या पोटात राहत नाही. इस्त्रीवाली त्याला भेटायला जाते, त्याच्याजवळ बसून रडते. त्याच्या तोंडून एकदा निघालं की पुन्हा शपथा सुरू. तू जर त्याला एक अक्षर लिहिलंस, तर मी तुझी आजी नाही. हे लोभाच्या खाली लिहिण्यासारखं वाक्य नाही, म्हणून मध्येच लिहितेय.

पण तुला एक सांगते. मी अजून थक्क आहे. देवळात, सभेत, सिनेमात, कुठे मला असं झालं नव्हतं. सगळं तळघर एका बाजूला. बाहेरचं सगळं शहर त्या बाजूला. मीसुद्धा. आणि आमच्यातलीच एक बाई, जिच्याबरोबर मी रोज चादरीची टोकं धरून घडी घालते, ती ड्रायरमागे जाते, तिला कुणी बघत नाही, तिचं कुणी नाव घेणार नाही, एकटी पडणार हे माहीत आहे, आणि तरी डावीकडे टाकते. वरती पडलाय त्या माणसाने स्टँडवर गर्दी बघितली आणि ठरवलं, की ही सगळी एकच आहेत, उडवा. आम्हीही बादलीत बघून तेच म्हणत होतो, की आम्ही सगळ्या एकच आहोत. नव्हतो. एक चिमटा वेगळा होता. मला त्या चिमट्याची भीती वाटली, खरं सांगते. इतक्या जवळ इतकं मोठं काही असतं आणि आपण त्याला टॉवेल आणून दे म्हणतो.

आणखी एक कुरकुर आहे, तिचं उत्तर तुझ्या सरांकडून आण. तुझे आजोबा लढाईत तोफेवर होते. नदीपलीकडच्या गावावर त्यांनी तोफ चालवली. परत आले तेव्हा छातीवर पदक आणि अंगावर काळे पडलेले कपडे. ते मी धुतले. कुणी म्हणालं नाही, की यांचं कापड धुऊ नका. त्या पलीकडच्या गावात कुणाचा तरी मुलगा बस चालवत असेलच की. आजोबा आणि हा वरचा एक नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. का नाहीत ते सांगता येत नाही. तू शिकलीस, तू सांग.

लोभ तूर्तास ताणलेला आहे, तुटणार नाही.

तुझी आजी

*

ता. २३ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. आणि कान पुढे केलाय.

चुकले. मला इतकी घाई होती तुझा अभिमान वाटून घ्यायची, की तू काय लिहिलंस ते मी वाचलंच नाही. तू कुठेच म्हणाली नव्हतीस, की चिमटा माझा. मीही तळघरातल्या बायकांसारखीच तुझ्याकडे डोकं वळवलं.

मी बाबांना काही लिहिणार नाही. दोनदा लिहायला बसले. पहिल्यांदा वाटलं, त्यांचं दुःख त्या बाईच्या नोकरीपेक्षा मोठं आहे, तो माझा बाप आहे. दुसऱ्यांदा वाटलं, प्रत्येकजण आपल्या माणसासाठी असंच म्हणणार, मग त्या ड्रायरमागे एकटं जायचा अर्थ काय राहिला? कागद फाडले. पण आजी, हे तुला किती महाग पडतंय ते मला दिसतंय. जो चिमटा तू टाकला नाहीस, तो तू सांभाळतेयस.

आजोबांचं सरांना विचारलं. ते म्हणाले, लढाईत निदान समोर गणवेश असतो, हुकूम असतो, पुढे जाब विचारता येतो, आणि बॉम्ब ठेवणारा मुद्दाम गणवेश नसलेल्यांना शोधतो. मी म्हटलं, नदीपलीकडच्या गावात गणवेश कुणाकुणाच्या अंगावर होता? सर म्हणाले, आजीला सांग, फरक खरा आहे, पण आपण समजतो तेवढा रुंद नाही. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एक विचारू? सगळ्यांच्या लेखी हरलेली तू आहेस. पुन्हा बादल्या मागायचा हक्क आता तुझा आहे. तो वापरणार का? चादरीचा प्रश्न बादलीत टाकायचाच नव्हता, असं मला अजून वाटतं.

ताणलेला लोभ हळूहळू सैल कर. मी इथे वाट बघते.

तुझी बडबडी

*

ता. ३० मार्च

चि. दांडगोबास आईचे अ. उ. आ.

येऊ नको म्हणालास, आले नाही. रविवारी घरी बसून पडदे धुतले. स्वच्छ होते तरी धुतले.

तुझ्या लेकीने कळवलेल्या त्या चिमट्याबद्दल मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बादलीत गेलेल्याचा जाब कुणी मागायचा नाही, पोटच्या पोरानेही नाही. त्यावरून रागव, मला चालेल. पण आज नवं सांगायचंय आणि ते माझं स्वतःचं आहे.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्याची मोठी नर्स त्याच्या मळक्या चादरींचं गाठोडं घेऊन खाली आली. म्हणाली, त्याच्या अंगाखाली कागद आणि प्लास्टिक घालतेय, जखमा चिघळल्यात, डॉक्टर म्हणतात खटल्यापर्यंत टिकायचा नाही. इस्त्रीवाली म्हणाली, बरं होईल. मी म्हणाले, मला हरलेल्याचा हक्क आहे, बादल्या मांडा.

मी त्यांना म्हणाले, की मला त्याची दया नाही. उलट मला तो कोर्टात उभा हवाय. त्याने तिथे उभं राहून ऐकायचं, की कुणाचा भाऊ गेला, कुणाचा पाय गेला. मळक्या चादरीवर मेला तर सुटला. आणि म्हणाले, की कुणाच्या अंगाखाली चादर घालायची हे चिमट्यांनी ठरवायचंच नव्हतं. हे तुझ्या लेकीचं म्हणणं, मी आपलं म्हणून खपवलं. इस्त्रीवाली तोंडाला लागली. म्हणाली, बादलीत काय टाकायचं आणि काय नाही हे तुम्ही ठरवणार का? मग बादल्या कशाला, तुम्हीच राणी व्हा. बाई बिनतोड बोलली. शेवटी म्हणाले, मग हेच बादलीत टाकू. चादर कुणाची हे आपण बघायचं, की बघायचं नाही? डावीकडे न बघणाऱ्या, उजवीकडे बघणाऱ्या.

दांडगोबा, मी ड्रायरमागे उभी राहिले आणि तुझा पाय मला दिसला. डॉक्टरांनी काढला तेव्हाचा नव्हे. तू चालायला लागलास तेव्हाचा, ओल्या फरशीवर पचपच आवाज करणारा. तुला दिलेला शब्दही आठवला. चिमटा बोटांतून सुटेना. मग डावीकडे टाकला. हा चिमटा माझा आहे. मी तुला सांगतेय, तू ज्याला हवं त्याला सांग.

डावीकडे जास्त झाले. थोडेच जास्त, पण झाले. बायकांनी बादलीत वाकून बघितलं आणि कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं आता शपथा निघतील. मग इस्त्रीवालीनेच जाऊन नर्सच्या हातातलं गाठोडं ओढलं, मशीनमध्ये कोंबलं, त्यावर बाकीच्या वॉर्डांच्या चादरी घातल्या आणि खटका दाबला. मला म्हणाली, मी मरेपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही. नंतर मशीन फिरतंय तोवर माझ्या शेजारी बसून भावाबद्दल बोलत राहिली.

काचेतून मी बघत होते. सगळं पांढरं, सगळं फिरणारं, त्यातली त्याची कुठली ते कळेना. मी तिथेच फरशीवर बसले. मला काही कळलं असं नाही. मोठ्या नदीच्या काठावर एकदम आल्यावर होतं तसं झालं.

त्याला मी माफ केलेलं नाही. तू कर असंही म्हणणार नाही. तुझा पाय तुझा आहे, तुझा रागही तुझा. दोन दांड्यांच्या मध्ये चालताना माझं ते जुनं वाक्य म्हणतोस ना, ते आता वापरू नकोस, मी ते मागे घेतलंय. दुसरं लागेल ते स्वतः बनव. शिव्या असल्या तरी चालतील.

लोभ कमी कर म्हणालास तरी माझ्याकडून व्हायचा नाही, तेवढं चालवून घे.

आता ऐक. या पत्राला उत्तर हवंय. ते नर्सने लिहायचं नाही. लेकीकडून निरोप पाठवायचा नाही, तिला मी बजावलंय, की बापाच्या वतीने एक अक्षर लिहिलंस तर हात मोडीन. इस्त्रीवाली भेटायला आली तरी तिच्या तोंडी सांगायचं नाही. रविवारी येऊ की नको, एवढंच. हो असो की नाही असो, दुसऱ्या कुणाला न विचारता तूच ठरवायचं आणि तूच लिहायचं.

तुझी आई